लव्हबर्डचं पिलू हातावर वाढवताना

(कळमनुरी इथं दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)

पत्रिकेवर विषय छापलाय ‘बजीच्या पिलाचं संगोपन’. आत येताना दोघा-तिघांनी विचारलं, सर, बजी म्हणजे काय? तर बजी म्हणजे आपण ज्याला लव्हबर्ड म्हणतो, तोच. हिरवा, पिवळा, निळा, पांढरा, मुठीत मावेल एवढा लहान पोपट. मानेवर आणि पंखांवर लाटांसारख्या काळ्या रेघा. पूर्ण नाव बजरीगर. खरा लव्हबर्ड वेगळा. तो आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा, जाड चोचीचा. आपल्याकडच्या दुकानांनी बजीला ते नाव चिकटवलं आणि ते आता निघत नाही. मीही आज दोन्ही नावं वापरणार आहे, भांडत बसणार नाही.

माझं मुख्य म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधेच कुणाला उठून जायचं असेल तर निदान तेवढं घेऊन जाता येईल. बजीचं पिलू हाताने भरवणं हा शेवटचा उपाय आहे. आई-बाप जिवंत आहेत, भरवताहेत, तर त्यांच्याकडून पिलू काढून घेऊ नये. आणि खरोखरच वेळ आली, तर ते नीट शिकून करावं, कारण अशी पिलं उपासाने कमी मरतात आणि आपल्या भरवण्याने जास्त मरतात. हे ऐकायला कडू आहे, पण पिलं घेऊन लोक ज्या अवस्थेत येतात ती बघितल्यावर दुसरं काही म्हणवत नाही.

अलीकडे ‘हँडफेड’ हा शब्द फार चालतो. दोन-तीन आठवड्यांचं, अर्धवट पिसांचं पिलू, त्याच्यासोबत एक सिरिंज आणि पिठाची पुडी. सांगतात काय, तर हाताने भरवलं की पिलू माणसाळतं. दहा वर्षांच्या लेकराच्या हातात ते दिलं जातं, आणि चार दिवसांनी घरात रडारड. तेव्हा आधी पहिली गोष्ट: जे पिलू अजून आपलं आपण खात नाही, ते विकत घेऊ नका. दुकानदाराला सांगा, दाणे सोलून खाताना मला दाखव, मग नेतो.

आता थोडं मूळ घराकडे जाऊ, कारण बाकी सगळं त्यातून आपोआप समजतं. बजी ऑस्ट्रेलियाच्या आतल्या, कोरड्या मुलखातला पक्षी. पाऊस पडला की गवत येतं, गवताला बी धरतं, आणि मग हजारोंचे थवे तिथं उतरून झाडांच्या ढोलीत अंडी घालतात. जॉन गुल्ड नावाच्या इंग्रज पक्षितज्ज्ञाने १८४० साली जिवंत बजी इंग्लंडला नेले आणि तिथून ते जगभर पिंजऱ्यांत पसरले. रानातले सगळे हिरवे. निळे-पांढरे-पिवळे हे पिंजऱ्यात निपजलेले रंग. ढोलीची जागा आपल्याकडे मडक्याने घेतली. बाजूला भोक पाडलेलं मडकं टांगलं की मादी आत शिरते.

मादी एक दिवसाआड एक अंडं घालते, साधारण चार ते सहा. अठराएक दिवसांनी पहिलं फुटतं, आणि पुढची दिवसाआड. म्हणजे एका मडक्यात थोरलं आणि धाकटं यांच्यात आठ-दहा दिवसांचं अंतर पडू शकतं. थोरल्याला पिसांचे कोंब फुटलेले असतात आणि धाकटं नुकतंच अंड्यातून निघालेलं, आंधळं, उघडं. वजन किती? सुमारे दोन ग्रॅम. इथं शेतकरी मंडळी बसली आहेत म्हणून सांगतो, सोयाबीनचे पंधरा-सोळा दाणे तळहातावर घ्या, तेवढं. आठवड्यात ते आठ-दहा ग्रॅमवर जातं, डोळे उघडू लागतात. चौथ्या आठवड्यात ते तीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळजवळ आई-बापाएवढं होतं, आणि महिना-पस्तीस दिवसांचं झालं की मडक्याबाहेर पडतं. चार आठवड्यांत पंधरापट! म्हणून दोन-चार तासांची हयगयसुद्धा त्याला जड जाते.

यात आईची कारागिरी बघा. अगदी लहानग्याला ती दाणे देत नाही, स्वतःच्या जठरातला दुधासारखा पातळ, पौष्टिक रस देते. मोठ्याला अर्धवट भिजलेले दाणे. एकाच फेरीत, ज्याला जे सोसेल ते, धाकट्यापासून सुरुवात करून. नर बाहेरून तिला भरवतो. तो पहिल्या आठवड्यातला रस कुठल्याच पुडीत मिळत नाही. म्हणून आठ दिवसांच्या आतलं पिलू घरी जगवणं फार अवघड असतं. प्रयत्न करू नका असं नाही, पण मनाची तयारी ठेवून करा. दहा-बारा दिवसांच्या पुढचं असेल तर आशा चांगली.

मग वेळ केव्हा आली म्हणायचं? मादी अंडं अडकून मेली. किंवा मादी पिलांना टोचून रक्तबंबाळ करते आहे. किंवा शेंडेफळ मागे पडतंय, त्याच्यापर्यंत चाराच पोचत नाही. ही कारणं खरी. पण हात घालण्याआधी पिलाची मान बघा. मानेखाली छातीच्या वर एक पिशवी असते, इंग्रजीत तिला क्रॉप म्हणतात. कोंबडीला असते तीच. पिलाची कातडी इतकी पातळ की आतले दाणे बाहेरून दिसतात. पिशवी भरलेली असेल तर पिलू उपाशी नाही, त्याला परत मडक्यात ठेवा आणि हात धुऊन घरात जा.

मादी मेली असली तरी नर असतोच. पिलं दोन आठवड्यांची असतील, अंगावर पिसं येऊ लागली असतील, तर पुष्कळदा नर एकटा त्यांना वाढवतो. त्याला एक दिवस संधी द्या, दर दोन-तीन तासांनी पिशव्या तपासा. आणि शेजारी-पाजारी कुणाकडे बजीची जोडी असेल, त्यांच्या मडक्यात जवळपास तेवढ्याच वयाची पिलं असतील, तर तिथं सोडणं हा सगळ्यांत उत्तम उपाय. बजी दुसऱ्याचं पिलू सहसा नाकारत नाही. ‘माणसाचा हात लागला की आई टाकून देते’ असं आपल्याकडे म्हणतात, त्यात बजीपुरतं तरी तथ्य नाही. पाळणारे रोज पिलं हातात घेतात, वजन करतात, परत ठेवतात. मला वाटतं कळमनुरीसारख्या गावात बजी पाळणाऱ्या चार-सहा घरांनी एकमेकांचे फोन नंबर ठेवले तर निम्म्या पिलांना सिरिंज लागणारच नाही.

हे सगळं होऊनही पिलू तुमच्याच हातात राहिलं, असं धरून पुढे जाऊ.

पहिलं काम ऊब. लोक पहिलं काम अन्नाचं करतात. गार पडलेल्या पिलाला भरवलं तर पिशवीतलं अन्न पुढे सरकतच नाही, तिथंच आंबतं. तेव्हा आधी पिलू हाताला गरम लागलं पाहिजे. उघड्या अंगाच्या पिलाला ३३ ते ३५ अंश सेल्सिअस लागतं, नुकतं जन्मलेल्याला त्याहून अंशभर जास्त. पिसांचे कोंब फुटले की २९ ते ३२. पूर्ण पिसं आली की २५च्या आसपास पुरे. एक प्लास्टिकचा डबा, झाकणाला भोकं, तळाला टर्किशचा टॉवेल, वर रोज बदलता येईल असा मऊ कागद, कोपऱ्यात जाळी लावलेली पाण्याची वाटी, म्हणजे हवा कोरडी पडत नाही. डब्यात खोलीचं थर्मामीटर.

ऊब आणायला लोक बल्ब लावतात. बल्ब जुना, तारेचा, पिवळा हवा. हल्लीचा एलईडी बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही. पिलू त्याच्याखाली रात्रभर कुडकुडतं आणि आपल्याला वाटतं बल्ब चालू आहे. तोही डब्याच्या बाहेरून, एका बाजूला, म्हणजे गरम वाटलं तर पिलाला दुसऱ्या बाजूला सरकता येतं. आणि आपल्याकडची वीज! डिसेंबरातल्या पहाटे वीज गेली तर तासाभरात डबा गार. रबरी गरम पाण्याची पिशवी किंवा गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तयार ठेवा.

उन्हाळ्यात गणित उलटं. मे महिन्यात मराठवाड्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा बल्ब लावणं म्हणजे पिलू भाजणं. पिलू स्वतः सांगतं: आकसून, थरथरत बसलं तर थंडी वाजतेय, मान लांब करून, चोच उघडी टाकून धापा टाकतंय, अंग लालबुंद झालंय, तर उकडतंय. थर्मामीटरपेक्षा पिलाकडे जास्त बघा.

टॉवेल का म्हटलं ते सांगतो. गुळगुळीत तळावर, वर्तमानपत्रावर किंवा रिकाम्या मडक्यात पिलाचे पाय दोन्हीकडे फाकतात आणि तसेच वाढतात. असा पक्षी मग आयुष्यभर बेडकासारखा बसतो. मडक्यात लाकडाचा जाडसर भुसा घाला. आणि पाय फाकलेले दिसले तर पहिल्या दोन आठवड्यांतच मऊ चिकटपट्टीने दोन्ही पाय नैसर्गिक अंतरावर बांधून घ्या, पशुवैद्याकडून करून घेतलं तर उत्तम. हाडं कोवळी असतात, आठवड्याभरात सरळ होतात. उशीर केला की होत नाहीत.

आता अन्न. पक्ष्यांच्या पिलांसाठी तयार पीठ मिळतं, पाळीव प्राण्यांच्या दुकानात किंवा मागवून. तेच वापरा. घरात बजीची जोडी असेल आणि मादी अंड्यावर बसली असेल, तर पुडी आधीच आणून ठेवा. कळमनुरीत रात्री अकराला ती मिळणार नाही. अगदीच अडलं, एखादा दिवस काढायचा असेल, तर तांदळाची मऊ पेज गाळून घ्या, त्यात उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक चिमूटभर कालवा. पण एखादाच दिवस. तेवढ्यावर वाढवलं तर हाडं वाकतात. मीठ, साखर, मसाला काही नको. आणि हळदीचा जिल्हा असल्यामुळे विचारणारे विचारतातच, म्हणून सांगतो: हळदही नको.

पाणी उकळून गार केलेलं. पीठ किती घट्ट? लहान पिलाला ताकाएवढं पातळ, दोन आठवड्यांच्या पिलाला कढीसारखं, तीन आठवड्यांच्या पुढे पातळ पिठल्यासारखं. दर वेळी ताजं कालवायचं, उरलेलं टाकून द्यायचं. फ्रिजमध्ये ठेवून परत गरम करायचं नाही.

सगळ्यांत महत्त्वाचं, त्याची ऊब. अन्न ३९ ते ४० अंश सेल्सिअस हवं. त्याहून गार असलं की पिशवी सुस्तावते. ४३च्या पुढे गेलं की पिशवी आतून भाजते, आणि ते लगेच कळत नाही. चार-पाच दिवसांनी मानेच्या कातडीला भोक पडून अन्न बाहेर येऊ लागतं. मनगटावर थेंब टाकून बघणं इथं पुरत नाही. मग मोजायचं कसं? घरोघरी तापाचं डिजिटल थर्मामीटर असतंच. ते नीट धुऊन वाटीत बुडवा, पिलासाठी एक वेगळंच ठेवा. फॅरेनहाइटमध्ये १०२ ते १०४ दाखवलं की भरवा. त्याची मोजणी संपून नुसतं ‘एच’ असं अक्षर आलं, तर थांबा. वाटी कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवली की भरवून होईपर्यंत गार होत नाही. मायक्रोवेव्ह टाळा, त्यात एखादा घास गार आणि एखादा उकळता निघतो.

भरवायचं कशाने? सिरिंज सगळ्यांना माहीत आहे, पण नवख्या माणसाला मी चमचा सुचवतो. लहान चमच्याच्या दोन्ही कडा पकडीने आत वाकवा, नळीसारखी धार तयार होते. सिरिंजमध्ये अंगठा जरा जोरात दाबला गेला की अन्न श्वासनळीत. चमच्याने पिलू स्वतःच्या वेगाने घेतं. इथं ज्या आज्या बसल्या आहेत त्यांना बोंडल्याने लेकराला दूध पाजणं आठवत असेल. लेकराला आडवं पाजायचं नाही, डोकं वर धरायचं, एक घोट गिळला की मग दुसरा. नियम तोच आहे.

पिलाला टेबलावर मऊ कापडावर बसतं करा, डाव्या हाताने डोकं दोन बोटांत हलकेच आधाराला. चमचा किंवा सिरिंज पिलाच्या चोचीच्या डाव्या बाजूने लावायची, रोख उजवीकडे, कारण अन्ननलिका त्याच्या उजव्या अंगाला असते. पिलू तुमच्याकडे तोंड करून बसलं असेल तर त्याची डावी म्हणजे तुमची उजवी बाजू. भूक लागलेलं पिलू डोकं खालीवर झटकतं, पंपासारखं. ते झटकणं चालू असतं तेव्हा श्वासनळीचं तोंड बंद असतं. म्हणून झटकतंय तोवर द्या, थांबलं की तुम्हीही थांबा. झटकत नसेल तर भरवू नका. एक तर त्याला भूक नाही, नाहीतर ते गार पडलंय, नाहीतर आजारी आहे. तिन्ही वेळा जबरदस्ती वाईटच. भरवताना नाकातून अन्न आलं, पिलू खोकल्यासारखं करू लागलं, श्वासाबरोबर टकटक आवाज आला, तर लगेच थांबा, चोच-नाक पुसा, उबेत ठेवा आणि पशुवैद्य गाठा.

किती द्यायचं? वजनाच्या साधारण दहावा भाग, एका वेळेला. दहा ग्रॅमच्या पिलाला एक मिलिलिटर, पंचवीस ग्रॅमच्या पिलाला अडीच. यासाठी वजन कळायला हवं. सोनाराकडे असतो तसा खिशात मावणारा इलेक्ट्रॉनिक काटा मिळतो, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा. रोज सकाळी पहिल्या घासाआधी वजन करून वहीत लिहा. वाढत्या वयात वजन एक दिवस थांबलं तरी ती धोक्याची सूचना. माझ्या मते पिलाचा खरा डॉक्टर हा काटाच.

किती वेळा? दहा दिवसांच्या पिलाला दर दोन-तीन तासांनी, रात्री एकदा-दोनदा उठून. दोन ते तीन आठवड्यांत दर तीन-चार तासांनी, रात्री पाच-सहा तासांची सुट्टी चालते. चौथ्या आठवड्यात दिवसातून चारदा. पण घड्याळापेक्षा पिशवी बघा. जवळजवळ रिकामी झाली की पुढचा घास. आणि चोवीस तासांतून एकदा, बहुधा पहाटे, ती पूर्ण रिकामी झालीच पाहिजे. भरल्यावर ती पाण्याच्या फुग्यासारखी मऊ लागावी, ताठ नको. बाहेरून न्याहाळत प्रेमाने ‘अजून एक घास’ म्हणणारी घरातली माणसं असतात ना, त्यांना जरा लांब बसवा.

सकाळी पिशवी कालच्याच अन्नाने भरलेली, थलथलीत आणि आंबूस वासाची असेल तर अन्न थांबवा. डब्याची ऊब तपासा. कोमट पाण्याचे थोडे थेंब द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, कारण यात बहुधा बुरशीचा किंवा जिवाणूंचा संसर्ग असतो. यूट्यूबवर पिलाला उलटं धरून पिशवी रिकामी करताना दाखवतात. ते कधीही करू नका, अन्न सरळ फुप्फुसात जातं. तालुक्याच्या दवाखान्यात दिवसभर गायी-म्हशी-शेळ्यांची गर्दी असते, तीस ग्रॅमचा पक्षी तिथं रोज येत नाही. तरी आधी तिथं दाखवा, आणि गरज पडली तर परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नेताना डब्यात ऊब, आणि सोबत वजनाची वही. ती वही बघितल्यावर डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

स्वच्छतेचं थोडक्यात. भरवून झालं की चोच ओल्या कापसाने पुसा, वाळलेलं पीठ चिकटून चोच वाकडी होते. चमचा-सिरिंज गरम पाण्यात. भरवण्याआधी आणि नंतर स्वतःचे हात साबणाने. पोपटवर्गातल्या पक्ष्यांपासून माणसाला होणारा सिटॅकोसिस नावाचा ताप आहे, त्यात न्यूमोनियासारखी लक्षणं दिसतात. आणि तोंडात दाणे चावून, ओठांनी पिलाला भरवायची हौस काही जणांना असते. कृपा करून नको. आपल्या लाळेतले जंतू त्याला झेपत नाहीत.

हवेबद्दल मात्र सविस्तर बोलतो, कारण हे फारसं कुणी सांगत नाही. पक्ष्याची फुप्फुसं फार तल्लख असतात. पूर्वी खाणीत विषारी वायू ओळखायला पिंजऱ्यातला कॅनरी नेत, तो याचसाठी. डासांची कॉइल, उदबत्ती, ऊद-धूप, फोडणीचा खकाणा, चुलीचा धूर या सगळ्यापासून पिलाचा डबा लांब. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्यातून जो वायू निघतो त्याने शेजारच्या खोलीतला बजी काही मिनिटांत मरू शकतो, आणि माणसाला वाससुद्धा येत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये अंगणात हळद शिजवायच्या कढया लागतात, त्या दिवसांत पिंजरा घराच्या दुसऱ्या टोकाला न्या.

पिलू चार आठवड्यांचं झालं की त्याची चोच सारखी काहीतरी टोचू लागते. आता दाण्यांची ओळख. डब्याच्या तळावर राळे, बाजरी पसरून ठेवा, दुकानात राळ्याला कांगणी म्हणतात. भिजवून मोड आणलेले दाणे त्याला लवकर जमतात. आपल्याकडे हुरड्याचे दिवस असतील तर ज्वारीचं कोवळं कणीस टांगा, त्याच्यासारखं पहिलं अन्न नाही. दाणा मऊ, दुधाळ, सोलायला सोपा. कणीस फवारणी न झालेल्या रानातलं हवं. पेरणीसाठी औषध लावलेलं गुलाबी बियाणं कुठल्याही पक्ष्याला घालू नका, उरलं म्हणूनसुद्धा नको. पाण्याची वाटी उथळ. या काळात पिलू सडपातळ होतं, वजन थोडं घटतं, उडायला हलकं व्हायचं म्हणून; घाबरू नका. दुपारचे घास आधी बंद करा, मग सकाळचा, रात्रीचा सगळ्यांत शेवटी. साधारण सहा आठवड्यांत ते सुटतं. एखादं आठवडाभर जास्त घेतं. उपाशी ठेवून शिकवायचा प्रयत्न करू नका, ते शिकण्याआधी खंगतं.

राहिला माणसाळण्याचा मुद्दा, ज्याच्या नावाखाली हा सगळा व्यापार चालतो. पिलू आई-बापांकडेच ठेवा. दोन आठवड्यांचं झालं की रोज दहा-पंधरा मिनिटं हातात घ्या, बोला, परत ठेवा. भरवायचं काम ते करतील, ओळख तुम्ही करून घ्या. सहा आठवड्यांचं झाल्यावर बोटावर बसणारं पिलू तुम्हाला मिळतं आणि त्याच्या जिवाला धोका नाही. बोलायला शिकवायचं असेल तर त्यालाही सिरिंजचा उपयोग नाही. १९५८ साली बीबीसीने बोलक्या बजींची स्पर्धा घेतली, तिच्यात स्पार्की विल्यम्स नावाचा बजी पहिला आला. त्याला शेकडो शब्द आणि वाक्यं येत होती. ते येतं रोज शांतपणे तीच वाक्यं म्हणत बसण्याने. शक्यतो नर घ्या. तो मादीपेक्षा जास्त बोलतो.

आणि एक इशारा. हे सगळं बजीपुरतं. वादळात झाडावरून पडलेलं आपल्या हिरव्या रानपोपटाचं पिलू सापडलं तर ते घरी वाढवायचं नाही. आपले देशी पोपट पाळणं-विकणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पिलू उबेत ठेवा आणि वनविभागाला कळवा. बजी परदेशी असल्यामुळे त्याला ती बंदी लागू नाही.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न: सर, आमची मादी पिलांची पिसं उपटतेय, पाठ पार उघडी केलीय. काढून घेऊ का?

ताई, पिलं किती दिवसांची? पंचवीस? मग ती बहुधा पुढची अंडी घालायच्या घाईत आहे, जागा रिकामी करून मागतेय. पिलं हातावर घ्यायची गरज नाही. मादीला दुसऱ्या पिंजऱ्यात हलवा, पिलं नरापाशी राहू द्या. तो भरवेल. संध्याकाळी पिशव्या बघा. पिसं महिन्या-दीड महिन्यात परत येतात. रक्त काढलं असेल तर मात्र आजच हलवा.

प्रश्न: आम्ही तर कुठलंही पिलू सापडलं की दूधभाकरी देतो. दुधात वाईट काय?

काका, दूध हे सस्तन प्राण्याच्या लेकराचं अन्न. दुधातली साखर पचवायला जो पाचकरस लागतो, तो पक्ष्याकडे नसतो. दुधाने त्याला हगवण लागते आणि एवढ्याशा जिवातलं पाणी बघता बघता निघून जातं. लहान मुलांच्या डब्यातल्या पिठातही बहुतेक दूध असतं, वेष्टन वाचून घ्या.

प्रश्न: माझ्याकडे एकच आहे. त्याला सोबत म्हणून आरसा लावू का?

नको बाळा. त्याला ते प्रतिबिंब खरं वाटतं, मग ते दिवसभर त्यालाच भरवत बसतं, खाल्लेलं परत काढून. हातावर वाढलेलं एकटं पिलू तर माणसालाच आपली जात समजू लागतं. तू शाळेत गेलास की ओरडत राहतं. त्याला दुसरा बजी आण. आधी पंधरा दिवस वेगळ्या पिंजऱ्यात, आजार नाही ना बघायला, मग शेजारी-शेजारी, मग एकत्र.

प्रश्न: मार्च संपत आला, आणि आमच्या मडक्यात कालच पाच अंडी झाली. काय करावं?

ही पिलं एप्रिलच्या मध्यावर निघतील आणि मेच्या उन्हात मोठी होतील. मडकं पत्र्याखाली असेल तर आजच काढून भिंतीच्या सावलीच्या बाजूला, आहे त्याच पिंजऱ्यात हलवा. दुपारी पिंजऱ्याच्या एका बाजूला ओलं पोतं टांगा, पण वारा खेळता राहू द्या, चारी बाजू झाकू नका. कूलरचा झोत थेट मडक्यावर नको. दिवसातून दोनदा ताजं पाणी, आणि अंघोळीला पसरट ताटली. मादी भिजून आत जाते, अंड्यांना ओलावा मिळतो. पिठाची पुडी आत्ताच मागवून ठेवा. आणि ही पिलं बाहेर पडली की मडकं काढून टाका, नाहीतर ती लगेच दुसऱ्यांदा बसेल. मडकं घासून उन्हात वाळवा आणि सप्टेंबरात परत टांगा.